भाग सत्तेचाळिसावा, गुण अठ्ठ्याण्णव

शंभरपैकी शंभर गुण कुणालाच द्यायचे नाहीत, हा परीक्षकांचा नियम होता. एक गुण कापायचा तो माणसाच्या हातून अगदी निर्दोष असं काही होत नसतं म्हणून, आणि दुसरा कापायचा तो आपण गुण कापू शकतो हे समोरच्याच्या ध्यानात राहावं म्हणून. त्यामुळे जगातलं उत्तमातलं उत्तम काम अठ्ठ्याण्णवावर येऊन थांबायचं. आणि त्या अठ्ठ्याण्णवावर गेली एकतीस वर्षं एकटाच मुक्काम ठोकून बसला होता तो 'आवक-जावक' या जुन्या मालिकेचा सत्तेचाळिसावा भाग.

आता हे परीक्षक म्हणजे कुणी विद्यापीठातले वगैरे नव्हेत. नगररचना कार्यालयात चौतीस वर्षं ते अभिलेखपाल होते, म्हणजे जुने नकाशे आणि फायली जिथे ठेवतात त्या खोलीचे धनी. 'परीक्षक' हे नाव इमारतीतल्या लोकांनी चेष्टेनं ठेवलं आणि यांनी ते मानानं घेतलं, त्यामुळे दोन्ही बाजू खूश होत्या. सिनेमे काय, मालिका काय, सगळेच बघतात. पण बघितलेल्याची रीतसर नोंद ठेवणारा माणूस इमारतीत एकच होता. त्यांच्या मते शहरातही एकच असावा. वही ऑफिसात असते तशी, लांबलचक, लाल कापडी पाठीची. अशा अकरा वह्या. रकाने सात: तारीख, नाव, कालावधी, कोणासोबत पाहिलं, व्यत्यय, गुण आणि शेरा.

यातला 'व्यत्यय' हा रकाना खास त्यांच्या डोक्यातून निघालेला. वीज गेली, पाहुणे आले, पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं आड आलं, सगळं तिथे लिहायचं. कारण शेवटची पाटी पडेपर्यंत सलग पाहिल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा दुसरा नियम. अर्धवट पाहून मत देणाऱ्या माणसाबद्दल परीक्षकांचं मत फार वाईट होतं, आणि ते मत त्यांनी अर्धवट ठेवलेलं नव्हतं.

गुण कापायच्या बाबतीत हात मोकळा. नट रिकाम्या कपातून चहा प्यायला की दोन गुण गेले. रडून झाल्यावर नाक लाल दिसलं नाही तर तीन. बॅग भरून घर सोडून निघालेली बाई ती बॅग दोन बोटांवर उचलते तेव्हा तर चार, कारण जन्माचा संसार एवढा हलका असतो का हो, असं त्यांचं विचारणं. त्यांची बायको शेजारी बसून मटार सोलायची आणि म्हणायची, अहो, सिनेमा बघा ना नुसता. पण नुसता सिनेमा बघायला ते काय रिकामे होते?

खरं तर आठ महिन्यांपासून रिकामेच होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी काही विचारेना. चौतीस वर्षं लोक अर्ज घेऊन दारात उभे राहायचे. सर, एवढा नकाशा काढून देता का म्हणून अजिजी करायचे. आता सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसायचे आणि अकरापर्यंत फक्त दूधवाल्यानं बेल वाजवलेली असायची. ही गोष्ट त्यांना लागायची. बोलून दाखवायचे नाहीत, पण लागायची.

अशा वेळी सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्यांना कोपरा दिला. सेक्रेटरी हा बाथरूमच्या फरशा विकणारा, सगळ्यांशी गोड असलेला माणूस. तळमजल्यावर लिफ्टशेजारी काचेचा, कुलपाचा सूचनाफलक होता. त्याची उजवी खालची जागा, दीड फूट बाय दोन फूट, रिकामी पडली होती. तिथे दर पंधरवड्याला तुमची आवडनिवड लिहीत जा, म्हणाला, आणि वर फलकाची किल्लीही दिली. परीक्षकांनी ती किल्ली घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात न घालता स्वतंत्र दोऱ्यात ओवली. 'परीक्षकांचा कोपरा' सुरू झाला. लिफ्ट इतकी रमतगमत यायची की वाट बघता बघता लोकांना तो वाचावाच लागे. परीक्षक खाली जिन्यातल्या खिडकीशी उभे राहून, कोण किती वेळ वाचतं ते बघत. पुन्हा माणसं त्यांच्यापुढे थांबू लागली होती.

चौथ्या पंधरवड्याला त्यांनी जाहीर केली ती सर्वोत्तम दहांची यादी आणि खाली, जागा उरली म्हणून, निकृष्ट पाचांची. जागा उरली की माणसानं सही करून मोकळं व्हावं. पण तेवढा पोच असता तर ही गोष्ट घडली नसती.

यादीत पहिला अर्थातच सत्तेचाळिसावा भाग. तो इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण परीक्षकांनी तो जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, जो सापडेल त्याला सांगितलेला होता. एक पोस्टमन आहे. नोकरीचा शेवटचा दिवस. पिशवी परत करायची म्हणून झटकतो, तर अस्तर फाटलेलं, आणि अस्तराच्या आत एक पत्र. अकरा वर्षांपूर्वीचं. पोचवायचं राहून गेलेलं. तो काही न बोलता पिशवी पुन्हा खांद्याला लावतो आणि निघतो. गावाबाहेरचं घर. एक वयस्क बाई दार उघडते. तो पत्र पुढे करतो आणि म्हणतो, "उशीर झाला." ती पत्र घेते. उघडत नाही. फळीवर ठेवते आणि म्हणते, "बसा." तो बसतो. आणि मग पूर्ण एक मिनिट कुणी बोलत नाही. लांब कुठे तरी नळ ठिबकत असतो. बस्स. भाग संपला.

हे सांगताना परीक्षक त्या एका मिनिटाच्या जागी खरंच थांबत. घड्याळ न बघता बरोबर साठ सेकंद. ऐकणाऱ्याच्या हातातली भाजीची पिशवी जड व्हायची, पण माणूस हलायचा नाही.

दहांच्या यादीवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण निकृष्ट पाचांत चौथ्या क्रमांकावर दीपगृहाच्या रखवालदाराचा एक जुना सिनेमा होता, आणि नेमका तो दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा जीव की प्राण होता. तरुणपणी त्यांनी तो एकोणीस वेळा पाहिला होता. बायकोला मागणी घातली ती त्यातलाच संवाद म्हणून. परीक्षकांनी त्याला एकतीस गुण दिले होते आणि शेरा लिहिला होता: 'नायक समुद्रातून बाहेर येतो तेव्हा भांग जागच्या जागी. बाकी बोलण्यासारखं काही नाही.'

डॉक्टर तसे शांत माणूस. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडं ठेवायला लावायचं म्हणजे स्वतःचं मिटून ठेवायची सवय लागते. पण हे वाचलं आणि त्यांचा तिळपापड झाला. लिफ्ट येऊन निघूनही गेली तरी ते तिथेच उभे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरीला लेखी तक्रार दिली. मुद्दा असा की, निकृष्ट पाचांतले सिनेमे कुणालाही बघून पडताळता येतात, पण पहिल्या क्रमांकाचा भाग एकतीस वर्षांत पुन्हा लागलेला नाही आणि इमारतीत परीक्षकांशिवाय कुणी पाहिलेला नाही. ज्याचा पडताळा घेता येत नाही अशा मालाला पहिला नंबर देणारा माणूस विश्वासार्ह आहे का? नसेल तर तो कोपरा दातांची निगा या विषयाला द्यावा. त्यात लोकांचं निदान कल्याण तरी आहे.

सभा भरली. सल्ल्यांना काही तोटा नव्हता. तळमजल्यावरच्या मावशी रोज सहा मालिका बघायच्या आणि कुठल्याही मालिकेत मेलेला माणूस परत येणार हे आधी सांगायच्या. त्या म्हणाल्या, एवढं काय त्यात, जुनं काही तरी मिळवून लावून द्या, कुणाला कळतंय. परीक्षकांना हे ऐकून कानावर हात ठेवावेसे वाटले. सेक्रेटरी म्हणाला, दोघांनी फिरतं करू, एक पंधरवडा सिनेमे, एक पंधरवडा दात. यावर दोघांनीही नाकं मुरडली. शेवटी परीक्षकच उभे राहिले आणि म्हणाले, "मी तो भाग आणून दाखवतो. सगळ्यांसमोर. सांगितलंय त्यात काडीचाही फरक निघाला, तर कोपरा तुमचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या न वाजवणारी एकटी बायको. घरी आल्यावर ती म्हणाली, कशाला उगाच? एकतीस वर्षं झाली, ठेवला असेल का कुणी तो? परीक्षक म्हणाले, अगं, दप्तर आहे म्हटल्यावर कुठे तरी असणारच. ती म्हणाली, उंदरांनी खाल्ला असेल. परीक्षक म्हणाले, टेप उंदीर खात नाहीत. मग ती सकाळीच धुतलेले कप पुन्हा धुवायला गेली.

जुन्या मालिका जिथे जपून ठेवतात त्या संग्रहालयाचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे जाताना परीक्षकांच्या मनात जरा घरी चालल्यासारखी भावना होती. तोच कागदाचा वास, तेच लोखंडी रॅक. फरक इतकाच की खिडकीच्या आत दुसरं कुणी बसलं होतं आणि बाहेर हे उभे होते. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की अर्ज वरती मिळेल, नंबर खाली मिळेल, आणि दोन्ही घेऊन उद्या या. परीक्षकांना राग यायला हवा होता. पण हे वाक्य त्यांनी स्वतः चौतीस वर्षं याच सुरात म्हटलेलं होतं, त्यामुळे आधी कौतुकच वाटलं. राग दुसऱ्या दिवशी आला.

अर्जात विचारलं होतं, भाग कशासाठी हवा? पर्याय तीन: शिक्षण, संशोधन, न्यायालयीन काम. 'दाताच्या डॉक्टरांना दाखवायला' असा पर्याय नव्हता. परीक्षकांनी 'संशोधन'वर खूण केली. मग संशोधन कुठल्या संस्थेतर्फे, असं विचारणारा पुरवणी अर्ज आला. सेक्रेटरीनं सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र दिलं. ते परत आलं, कारण खाली सोसायटीचा शिक्का होता तो पाण्याच्या टाकीच्या कामाचा. दुसरा शिक्का शोधण्यात आठवडा गेला. तो सेक्रेटरीच्या दुकानात, एका फिकट निळ्या फरशीखाली सापडला.

एवढं झाल्यावर घोडं पुन्हा अडलं. संग्रहालयाच्या यादीत 'आवक-जावक'चे पन्नास भाग होते, पण क्रमांक पुसट झालेले. तेव्हा बाई म्हणाल्या, सत्तेचाळिसावा भाग त्या तारखेला प्रक्षेपित झाला होता आणि तुम्ही तो पाहिला होता याचा काही कागद आहे का? या प्रश्नावर जगातला दुसरा कुठलाही माणूस रडला असता. परीक्षकांची छाती फुगली. त्यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या वहीच्या त्या पानाची प्रत काढून आणली. तारीख आहे. नाव आहे. कालावधी तेवीस मिनिटं. कोणासोबत: बायको. व्यत्यय: नाही. गुण: अठ्ठ्याण्णव. शेरा: 'याहून पुढे काही नाही.'

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. ती प्रत त्यांनी दोनदा वाचली, मग वहीच मागवून घेऊन ताडून पाहिली, आणि प्रतीवर 'मूळ नोंदीबरहुकूम' असा गोल शिक्का मारला. म्हणाल्या, असे नीट नोंदी ठेवणारे लोक राहिले नाहीत हो आता. परीक्षक त्या दिवशी बसमध्ये जागा असूनही उभे राहून घरी आले. त्यांना बसवतच नव्हतं. घरात शिरताच बायकोला ती प्रत दाखवली आणि म्हणाले, बघ, आता सरकारी झालं.

बायकोनं 'व्यत्यय: नाही' या ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाली, हो, सरकारीच झालं म्हणायचं.

पुढे सहा आठवडे काहीच कळलं नाही. डॉक्टर लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याचं बोलायचे आणि उतरताना सहज विचारायचे, काय, आला का पोस्टमन? परीक्षकांना अन्न गोड लागेना. एका सकाळी ते औषधाची चिठ्ठी शोधत होते, तेव्हा कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली संग्रहालयाचं पाकीट सापडलं. भाग सापडला आहे, घेऊन जावा. पत्र येऊन चार दिवस झाले होते. परीक्षकांनी विचारलं, हे इथे कसं? बायको म्हणाली, आवरताना गेलं असेल. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "सापडला का? अरेरे." परीक्षक इतक्या घाईत होते की हे अरेरे त्यांच्या डोक्यावरून गेलं.

रविवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवलं होतं. पडदा म्हणून मावशींनी चादर दिली होती. ती पांढरीच होती, फक्त एका कोपऱ्यात गुलाबी फुलांची नक्षी. परीक्षकांनी मनातल्या मनात चादरीचे दोन गुण कापले. सेक्रेटरीला त्यांनी जनरेटर दोनदा सुरू करून दाखवायला लावला होता, कारण व्यत्यय हा एकच शब्द त्यांच्या डोक्यात घुमत होता. पहिल्या रांगेत एका टोकाला डॉक्टर हाताची घडी घालून बसलेले, दुसऱ्या टोकाला परीक्षक, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वही. शेजारी बायको. ती पडद्याकडे न बघता सारखी वरच्या पंख्याकडे बघत होती.

दिवे मालवले. धून वाजली. परीक्षकांच्या अंगावर काटा आला.

पहिली बारा मिनिटं अक्षरशः परीक्षकांनी सांगितल्यासारखी. पोस्टमनचा शेवटचा दिवस. सहकाऱ्यांनी दिलेला हार. पिशवी झटकणं. फाटलेलं अस्तर. आत गेलेली दोन बोटं, आणि त्या बोटांबरोबर बाहेर आलेलं पिवळं पत्र. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आलं असतं. मागून कुणी तरी पुटपुटलं की काय माणूस आहे, एकतीस वर्षांनी शब्द न् शब्द बरोबर. डॉक्टरांची हाताची घडी सुटली. परीक्षकांनी मान जराशी तिरकी करून ते पाहून घेतलं. सभ्य माणसानं जिंकताना एवढंच करावं.

पोस्टमननं पिशवी खांद्याला लावली. परीक्षकांच्या ओठांनी आपोआप 'उशीर झाला' म्हणायची तयारी केली.

पण पोस्टमन दाराकडे गेलाच नाही. तो गेला पोस्टमास्तरांच्या टेबलाशी, आणि चक्क ते पत्र फोडलं. आत निघाली साबणाच्या कंपनीची चिठ्ठी. पोस्टमास्तरांच्या मेहुण्याला अकरा वर्षांपूर्वी शिवणयंत्र बक्षीस लागलं होतं. मेहुणा नाचायला लागला. नाचता नाचता त्याचा पाय डिंकाच्या भांड्यात गेला. भांड्यासकट तो फळीवर आदळला, फळीवरची सगळी पार्सलं पोस्टमास्तरांच्या डोक्यावर पडली, आणि चादरीच्या कोपऱ्यातली गुलाबी फुलं नेमकी त्यांच्या टकलावर येऊन बसली. सगळे हसले. म्हणजे पडद्यावरचे. पोस्टमन सर्वांत जोरात हसला. पुन्हा धून वाजली आणि पाटी पडली.

सेक्रेटरीनं दिवे लावले. हॉलमध्ये पूर्ण एक मिनिट कुणी बोललं नाही.

मग मावशी म्हणाल्या, "ती बाई कुठे राहिली?"

सेक्रेटरी सगळ्यांशी गोड असलेला माणूस. तो लगबगीनं म्हणाला की मधली टेप तुटलेली असणार, जुन्या टेपांचं असं होतं, आपण तसं लिहून घेऊ. लोकांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनीसुद्धा डोलावली. परीक्षकांना तेवढीच मान हलवायची होती, आणि कोपरा राहिला असता. त्यांनी मांडीवरची वही उघडली. कालावधी तेवीस मिनिटं. डबीवरच्या चिठ्ठीवर: संपूर्ण भाग, तेवीस मिनिटं. हातातल्या घड्याळात आत्ताच झालेली: तेवीस मिनिटं. चौतीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाला यातून पळवाट दिसत असली तरी तिच्यात शिरता येत नव्हतं. ते म्हणाले, भाग पूर्ण आहे. मग खिशातून दोऱ्यात ओवलेली किल्ली काढून त्यांनी टेबल टेनिसच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी किल्लीकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असावं ते त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते म्हणाले, "पण तुमचाच चांगला होता हो."

यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं. परीक्षकांना तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं बोललो म्हणून नव्हे, कारण ते खोटं बोललेच नव्हते. ती बाई त्यांनी पाहिली होती. तिच्या दाराचा रंग त्यांना माहीत होता. तो नळ त्यांनी ऐकला होता. मग हे सगळं आलं कुठून? जिना चढताना ते एकेका पायरीवर थांबत होते, आणि बायको मागून त्यांची वही घेऊन येत होती.

घरात आल्यावर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले की अकराच्या अकरा वह्या रद्दीत द्याव्यात. एक नोंद खोटी म्हणजे सगळं दप्तरच खोटं.

बायको समोर बसली. म्हणाली, "वीज गेली होती."

परीक्षकांना कळेना.

मग तिनं सांगितलं. मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची होती. रात्रंदिवस रडायची. बायकोला झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही. आठवड्याभरात एक गोष्ट चांगली, ती म्हणजे सोमवारी साडेसातला 'आवक-जावक'. त्या सोमवारी मुलगी नेमकी झोपली, दोघं टीव्हीपुढे बसले, पोस्टमनच्या हाताला पत्र लागलं, आणि वीज गेली. सगळा अंधार. आणि बायको रडायला लागली. भागासाठी नव्हे, कशासाठी तेही तिला कळत नव्हतं, पण रडूच थांबेना. तेव्हा परीक्षक अंधारात म्हणाले होते, थांब, मला माहीत आहे पुढे काय होतं. ऑफिसातल्या एकानं ही गोष्ट वाचलेली आहे. आणि सांगायला लागले. घर, दार, बाई, उशीर झाला, बसा. मग थांबले. मोरीतला नळ ठिबकत होता.

"ऑफिसातल्या कुणी?" परीक्षकांनी विचारलं.

"कुणी नाही. तुम्हीच. मला तेव्हाच कळलं होतं." ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तुम्ही वहीत लिहिलंत, व्यत्यय नाही. मी म्हटलं, लिहू दे. मला तरी कुठे व्यत्यय आला होता? त्या अंधारात मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. मग तुम्ही लोकांना सांगायला लागलात. म्हणून ते पत्र मी लपवलं. चार दिवस. आज तर म्हणत होते, जाऊ दे वीज, जाऊ दे. मेली नेमकी आजच नाही गेली."

परीक्षकांचे डोळे भरून आले होते आणि नाकही लाल झालं होतं, म्हणजे त्यांच्याच हिशेबानं तिथे गुण कापायला जागा नव्हती. मग त्यांनी पेन मागितलं.

दप्तरातली चूक दुरुस्त करायची एक पद्धत असते. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. मूळ नोंद वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, बाजूला कारण, आजची तारीख, सही, आणि खाली साक्षीदाराची सही. त्यांनी 'व्यत्यय: नाही' यावर रेघ मारली आणि लिहिलं: 'वीज गेली, बाराव्या मिनिटाला.' अठ्ठ्याण्णवावर रेघ मारून लिहिलं: 'छत्तीस. डिंकाचं भांडं जमिनीवर कोण ठेवतं?' बायकोनं साक्षीदार म्हणून सही केली.

मग खाली नवी ओळ. नाव: सत्तेचाळिसावा भाग, बाराव्या मिनिटानंतरचा. कालावधी: अकरा मिनिटं. कोणासोबत: बायको. व्यत्यय: नाही. गुणांच्या रकान्यापाशी ते थांबले. स्वतःच्या कामाला स्वतः गुण देणं बरं दिसत नाही. त्यांनी वही बायकोकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. आता ती अठ्ठ्याण्णव लिहील आणि आपण, छे छे, एवढे कशाला, असं म्हणू, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

बायकोनं लिहिलं: ब्याण्णव.

"सहा कुठे कापलेस?"

"माणूस अकरा वर्षांनी दारात येतो," बायको म्हणाली. "एवढं लांब चालत. ती त्याला बसा म्हणते, आणि नुसती बसून राहते. साधं पाणीसुद्धा विचारत नाही. एकतीस वर्षं तुम्ही गोष्ट सांगता आणि मला दर वेळी वाटतं, आता विचारेल, आता विचारेल."

परीक्षक उसळले. म्हणाले, अगं, ती शांतताच तर खरी गोष्ट आहे, तिथे पाण्याचा पेला कुठे आणतेस, सगळा परिणाम जाईल. बायको म्हणाली, परिणाम राहू दे, त्याच्या घशाला कोरड पडली असेल. दोघांचं चांगलंच जुंपलं. छत्तीसच्या वेळी गप्प राहिलेला हा माणूस ब्याण्णवसाठी हातवारे करत होता. इतक्यात बेल वाजली.

दारात दाताचे डॉक्टर. हातात दोऱ्यात ओवलेली किल्ली. दोन जिने चढून आल्यामुळे की कशामुळे, त्यांना काही बोलता येत नव्हतं. त्यांनी किल्ली नुसती पुढे केली. परीक्षकांनी ती घेतली, दाराजवळच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा."

डॉक्टर बसले. परीक्षकही बसले. कुणी काही बोलेना. आत स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बायको वहीवर हात ठेवून परीक्षकांकडे बघत होती, आणि परीक्षक तिच्याकडे बघायचं टाळत होते.

शेवटी ते उठले. म्हणाले, "पाणी आणतो."

बायकोनं वही जवळ ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.